पाचशे मॉड, एक क्रॅश

२०११ साली आलेल्या ‘स्कायरिम’ या गेमची सुरुवात घोडागाडीतल्या प्रवासाने होते. हात बांधलेल्या कैद्यांना डोंगरातल्या वाटेने हेलगेन नावाच्या गावाकडे नेले जात असते आणि त्यांतला एक कैदी म्हणजे खुद्द खेळाडू. गेम तयार होत असताना ही गाडी काही केल्या वठणीवर येईना. एखाद्या वेळी मुकाट चाले, तर एखाद्या वेळी मध्येच थरथरू लागे आणि कैद्यांसकट आकाशात उडून जाई. त्या काळी बेथेस्डा गेम स्टुडिओजमध्ये काम करणारे नेट पर्कीपाइल यांनी २०२१मध्ये या गाडीचे रहस्य सांगितले. दोष गाडीत नव्हता, रस्त्यातही नव्हता. दोष होता एका मधमाशीत. गेममधल्या मधमाशा खेळाडूला पकडता येत नव्हत्या, म्हणून कुणीतरी ती चूक दुरुस्त केली. त्या दुरुस्तीत मधमाशीला टक्कर देण्याची क्षमता मिळाली, पण तिला स्वतःला कशानेही हलवता येईना. ती उडत उडत वाटेत आली, की माघार गाडीला घ्यावी लागे.

दुरुस्ती एकीकडे आणि बिघाड भलतीकडेच! आणि हे घडले ते एकाच कंपनीत, एकमेकांच्या टेबलापाशी जाऊन विचारता येईल अशा माणसांमध्ये. आता त्याच गेमवर जगभरातल्या अनोळखी माणसांनी, एकमेकांशी अक्षरही न बोलता केलेले पाचशे फेरफार एकाच वेळी चढवले तर काय होईल? ‘स्कायरिम’चे चाहते गेली अनेक वर्षे नेमके हेच करत आले आहेत, आणि गेम मधूनच बंद का पडतो याचा शोध हा त्यांच्या खेळण्याचाच एक भाग होऊन बसला आहे.

मॉड म्हणजे कंपनीबाहेरच्या माणसाने गेममध्ये केलेला बदल. एखादा मॉड फक्त दगडांवरचे शेवाळ जास्त खरे दाखवतो, एखादा पावसाचा आवाज बदलतो, एखादा नवे बेट, नवी माणसे आणि वीस-पंचवीस तासांची नवी कथा आणतो. बेथेस्डाने फेब्रुवारी २०१२मध्ये ‘क्रिएशन किट’ हे आपलेच साधन लोकांच्या हाती दिले आणि मॉडचा पूर लोटला. २००१पासून चालत आलेले ‘नेक्सस मॉड्स’ हे त्यांचे सर्वांत मोठे कोठार. तिथले बहुतेक मॉड फुकट मिळतात. ते लिहिणारे विद्यार्थी असतात, नोकरदार असतात, हौशी चित्रकार असतात. एवढ्या मोठ्या प्रमाणावर विनामोबदला उभे राहिलेले काम करमणुकीच्या क्षेत्रात क्वचितच सापडेल. म्हणूनच गेम कोसळला की ‘मॉड लिहिणारेच बेजबाबदार’ म्हणून मोकळे होणे अन्यायाचे आहे. बहुतेक मॉड एकेकटे उत्तम चालतात. अडचण सुरू होते ती त्यांना एकत्र नांदवताना.

हा प्रकार कसा दिसतो, ते न खेळणाऱ्यांसाठी सांगायला हवे. खेळाडू व्हाइटरन शहराच्या वेशीकडे चाललेला असतो. क्षणभर चित्र गोठते, आवाज अडखळतो आणि पुढच्या क्षणी समोर विंडोजचा डेस्कटॉप असतो. ना सूचना, ना माफी, ना कारण. खेळाडूंच्या भाषेत हा ‘सीटीडी’, म्हणजे ‘क्रॅश टू डेस्कटॉप’. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, शोधले तर एक कोरडी नोंद सापडते: गेमच्या मुख्य फाइलचे नाव आणि सी००००००५ हा संकेतांक. या संकेतांकाचा अर्थ एवढाच, की प्रोग्रामने मेमरीच्या अशा जागी हात घातला, जिथे हात घालण्याचा त्याला अधिकार नव्हता. बहुतेकदा ती जागा रिकामीच असते. गेमला वाटते की अमुक ठिकाणी एका तलवारीची माहिती आहे. तिथे तो जातो आणि तिथे काहीच नसते.

‘माइनक्राफ्ट’ खेळणारे या बाबतीत सुखी. तो गेम जावा भाषेत लिहिलेला असल्याने कोसळताना आपल्याच फोल्डरमध्ये एक सविस्तर अहवाल टाकून जातो, आणि त्यात दोषी मॉडचे नाव पुष्कळदा सरळ वाचता येते. ‘स्कायरिम’ने अशी सोय कधीच दिली नाही. त्यामुळे पहिली कित्येक वर्षे इथे निदानाच्या जागी तोडगे चालत.

त्या तोडग्यांपैकी काहींना खरा आधार होता, हेही मान्य केले पाहिजे. मूळ ‘स्कायरिम’ ३२ बिटचा प्रोग्राम होता. संगणकात १६ जीबी रॅम असली तरी सुरुवातीला तो जेमतेम २ जीबी वापरू शके. खेळाडूंनी ओरड केली, काहींनी स्वतःच मुख्य फाइलमध्ये बदल करून ही मर्यादा वाढवली, आणि अखेर २०११च्या डिसेंबरात कंपनीनेच पॅच काढून ती ४ जीबीवर नेली. पण भारी टेक्स्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रे, टाकणाऱ्यांना तीही पुरेना. पुढे २०१४मध्ये ‘शेसन’ या टोपणनावाने काम करणाऱ्या एका मॉडरने दाखवून दिले, की अनेक क्रॅश आणि कधीच न संपणारे लोडिंग यांचे मूळ एकूण मेमरीत नसून गेम सुरू होताच राखून ठेवल्या जाणाऱ्या २५६ एमबीच्या एका कप्प्यात आहे. तो कप्पा भरला की गेम आडवा. त्याने कप्पा मोठा करण्याची युक्ती शोधली आणि नंतर ती ‘स्कायरिम स्क्रिप्ट एक्स्टेंडर’ म्हणजेच ‘एसकेएसई’ या सर्वांच्या वापरातल्या साधनात सामावली गेली. एका माणसाच्या या निरीक्षणाने त्या काळातले असंख्य सेव्ह, म्हणजे जतन करून ठेवलेले खेळ, वाचले.

बाकीचे तोडगे मात्र निव्वळ अंधश्रद्धा होते. सेटिंगच्या फाइलमध्ये अमुक ओळ टाका, तमुक आकडा दुप्पट करा, असे सल्ले एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिले. त्यांतला सर्वांत घातक सल्ला ‘यूग्रिड्सटूलोड’ या आकड्याचा. खेळाडूच्या भोवतालचे किती चौकोन एका वेळी जिवंत ठेवायचे, हे तो ठरवतो. मूळ किंमत ५. ती ७ किंवा ९ केली की दूरवरचे सगळे स्पष्ट दिसते, पण दूरवरची माणसे, लांडगे, कथेतले प्रसंगही वेळेआधी जागे होतात. वर हा बदल सेव्ह फाइलमध्ये मुरतो. नंतर पस्तावून आकडा पुन्हा ५ केला, तर तो सेव्ह उघडतानाच गेम कोसळतो. आजही कुणी या आकड्याला हात लावायला सांगितले तर ऐकू नये.

२८ ऑक्टोबर २०१६ला आलेल्या ‘स्पेशल एडिशन’ने चित्र बदलले. ही आवृत्ती ६४ बिटची, त्यामुळे ४ जीबीची भिंत पडली. त्यानंतर उरलेल्या क्रॅशचा दोष ‘इंजिन कमकुवत आहे’ एवढ्यावर ढकलून चालेना. कारण नेमके शोधणे भाग पडले.

त्यासाठी मॉड एकमेकांच्या अंगावर कसे येतात, ते थोडे समजून घ्यावे लागते. ‘स्कायरिम’मधली प्रत्येक गोष्ट, म्हणजे नाणे, झाड, दुकानदार, दरवाजा, ही एक नोंद असते आणि प्रत्येक नोंदीला आठ अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. सोन्याच्या नाण्याचा क्रमांक ००००००० आणि शेवटी एफ. ही मोजणी सोळाच्या पायावरची, म्हणून तिच्यात ० ते ९ या अंकांपुढे ए ते एफ ही अक्षरे येतात. पहिली दोन स्थाने ती नोंद कोणत्या फाइलमधून आली ते सांगतात. ०० म्हणजे गेमची मूळ फाइल. त्यापुढचे आकडे मॉड ज्या क्रमाने उघडले जातात त्या क्रमाने मिळतात. दोन स्थानांत मावणाऱ्या आकड्यांना मर्यादा असल्याने पूर्ण आकाराची २५४ प्लगइन, म्हणजे मॉडच्या नोंदींच्या फाइली, झाली की जागा संपते. नव्या आवृत्तीत एफई या एकाच आकड्याखाली ४०९६ छोटी प्लगइन बसवण्याची सोय झाली आणि मॉडची संख्या हजारांत गेली. मग दुसरी मर्यादा आडवी आली. गेमच्या जगातल्या वस्तूंना चालू खेळात द्यायच्या खुणांची संख्या १०,४८,५७६ एवढीच आहे. ती संपत आली की गेम भलत्याच क्षणी कोसळू लागतो. एक दरवाजा उघडला की पुढे दुसरा बंद असतो, अशी ही वाट आहे.

दोन मॉडनी एकच नोंद बदलली असेल तर नियम साधा: जो शेवटी उघडला जातो, त्याचे चालते. समजा, एका मॉडने रिव्हरवुड गावातल्या लोहाराला नवे कपडे दिले आणि दुसऱ्याने त्याच लोहाराचा चेहरा सुधारला. दुसरा मॉड नंतर उघडला तर चेहरा मिळेल, पण कपडे जुनेच राहतील, कारण दुसऱ्या मॉडच्या नोंदीत मूळ कपडेच लिहिलेले आहेत. दोन्ही हवे असतील तर ‘एक्सएडिट’ नावाच्या साधनात दोन्ही नोंदी शेजारी शेजारी उघडायच्या, दोन्हींतले हवे ते उचलून तिसरी नोंद करायची आणि ती सर्वांच्या शेवटी ठेवायची. या तिसऱ्या तुकड्याला पॅच म्हणतात. मॉडचा क्रम लावून देणारे ‘लूट’ हे साधन उपयोगी आहे, पण नुसता क्रम लावून संघर्ष मिटत नाही. क्रम फक्त जिंकणारा कोण ते ठरवतो.

इथे एक भेद लक्षात ठेवावा. लोहाराचे कपडे जाणे हा बिघाड आहे, क्रॅश नव्हे. नोंदींचा संघर्ष बहुधा जगाला विसंगत करतो, कोसळवत नाही. रस्त्याच्या मधोमध झाड उगवते, माणूस भिंतीत अडकतो, दार हवेत लटकते. गेम जागीच मरतो तो वेगळ्या कारणांनी: एखाद्या मॉडला लागणारी आधारफाइलच नसते, वस्तूची त्रिमितीय आकृती म्हणजे मेश खराब असते, जुन्या ३२ बिट आवृत्तीतली आकृती न बदलता नव्या आवृत्तीत टाकलेली असते, किंवा कुणीतरी काहीतरी पुसलेले असते.

पुसण्याचे प्रकरण महत्त्वाचे आहे, कारण त्यात मॉडरच नव्हे तर कंपनीही अडकलेली आहे. गावातला एखादा खांब नको असेल तर मॉडरने तो ‘निष्क्रिय’ करावा अशी शिस्त आहे. त्याने तो पुसून टाकला आणि दुसरा मॉड त्याच खांबावर कंदील टांगायला आला, तर त्याला खांब सापडत नाही. माणसांना चालण्यासाठी जमिनीवर आखलेली अदृश्य जाळी, म्हणजे नेव्हमेश, कुणी पुसली तर ती वापरू पाहणारे पात्र जवळ येताच गेम कोसळू शकतो. आणि गंमत नव्हे, खरेच, ‘डॉनगार्ड’, ‘हार्थफायर’ आणि ‘ड्रॅगनबॉर्न’ या २०१२च्या अधिकृत विस्तारांच्या फाइलींतही अशा पुसलेल्या आणि अनावश्यक नोंदी राहून गेल्या आहेत. त्या एक्सएडिटने साफ करणे ही मॉड लावणाऱ्यांची जुनी पहिली पायरी.

निदानाच्या इतिहासात खरी कलाटणी मिळाली ती क्रॅश लॉग लिहिणाऱ्या मॉडमुळे. ‘मेह३२१’ या टोपणनावाच्या मॉडरचे ‘डॉट नेट स्क्रिप्ट फ्रेमवर्क’ आधी आले, पुढे ‘क्रॅश लॉगर’ आणि ‘ट्रेनरेक’ आले. गेम कोसळत असताना शेवटच्या क्षणी ही साधने मेमरीची स्थिती टिपून घेतात आणि साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून ठेवतात. जे काम गेमच्या कर्त्यांनी करायला हवे होते, ते बाहेरच्या माणसांनी, मूळ कोड हाती नसताना, प्रोग्रामची चिरफाड करून केले. ‘स्कायरिम’साठी झालेल्या कामात या एका कामाचे मोल सर्वांत मोठे आहे.

असा लॉग पहिल्यांदा उघडणाऱ्याची छाती दडपते. शेकडो ओळी, त्यांत आकड्यांचा खच. पण वाचायचे ते थोडेच असते. सर्वांत वर कोसळण्याचा प्रकार आणि जागा असते. जागेत गेमच्या मुख्य फाइलऐवजी एखाद्या डीएलएलचे, म्हणजे मॉडसोबत आलेल्या प्रोग्रामच्या फाइलचे, नाव असेल, तर पहिला संशय त्याच मॉडवर घ्यावा आणि त्याची आवृत्ती तपासावी. नाव मुख्य फाइलचेच असेल तर खाली ‘संभाव्य संबंधित वस्तू’ या अर्थाचा भाग शोधावा. तिथे क्रॅशच्या क्षणी गेम ज्यांच्याशी झटत होता त्यांची नावे असतात. समजा, तिथे एका पहारेकऱ्याचे नाव आहे, त्याखाली चिलखताच्या एका मेशचा पत्ता आहे आणि नोंदीचा क्रमांक ५सी ने सुरू होतो. मग मॉडच्या यादीत ५सी या स्थानावरचे प्लगइन पाहावे. ते चिलखतांचा मॉड निघाले, तर दोन धागे एकाच गाठीशी येतात. मॉड बंद करून त्याच पहारेकऱ्यासमोर जाऊन उभे राहावे. गेम टिकला तर मेश पुन्हा उतरवून घ्यावी, किंवा तिची दुरुस्त आवृत्ती आहे का ते पाहावे.

लॉगमध्ये नाव आले म्हणजे गुन्हेगार तोच, असे मात्र नाही. गेमची मुख्य फाइल जवळपास प्रत्येक लॉगमध्ये असते. ज्या मॉडचा हात प्रत्येक गोष्टीला लागतो, उदाहरणार्थ हालचाली किंवा लढाई बदलणारे मॉड, त्यांची नावेही सारखी दिसतात. म्हणून एका लॉगवर निकाल देऊ नये. तीन-चार लॉग शेजारी ठेवावेत आणि सगळ्यांत समान काय ते पाहावे. सगळ्यांत काहीच समान नसेल, तर तीही मोठी माहिती आहे. अशा वेळी संशय मॉडवरून उठून मेमरीवर किंवा यंत्रावर जातो.

काही जागा तर इतक्या ओळखीच्या झाल्या, की जाणकार आकडा वाचूनच कारण सांगू लागले. ‘स्पेशल एडिशन’च्या १.५.९७ या आवृत्तीत ‘डी६डीडीडीए’ ही जागा आली, की बहुधा मेमरी अपुरी पडते आहे किंवा एखादे टेक्स्चर खराब आहे, असे समजायचे. इथे पुष्कळांची फसगत होते. बत्तीस जीबी रॅम असताना मेमरी कशी संपेल, असे त्यांना वाटते. पण विंडोज प्रत्येक प्रोग्रामला मेमरीचे वचन देताना रॅम आणि डिस्कवरची पेज फाइल यांची बेरीज धरते. डिस्कची जागा वाचवण्यासाठी कुणी पेज फाइल बंद केली किंवा अगदी लहान ठेवली असेल, तर रॅम शिल्लक दिसत असतानाही नवे वचन मिळत नाही आणि गेम कोसळतो. पेज फाइल वेगवान एसएसडीवर ठेवून तिला वीस-चाळीस जीबी जागा दिली, की कित्येकांचा हा क्रॅश एका फटक्यात थांबतो. त्यासाठी एकही मॉड काढावा लागत नाही.

कधी कधी खेळाडूने काहीच बदललेले नसते आणि तरी सकाळी गेम उघडत नाही. असा मोठा दिवस ११ नोव्हेंबर २०२१ ठरला. ‘स्कायरिम’ला दहा वर्षे झाल्यानिमित्त ‘ॲनिव्हर्सरी एडिशन’ आली आणि त्यासोबत मुख्य फाइल नव्या कंपायलरने बांधून सर्वांच्या संगणकांवर पोहोचवली गेली. एसकेएसईवर चालणारे मॉड गेमच्या मुख्य फाइलीत थेट ठराविक जागी जाऊन काम करतात. पोस्टमन फक्त ‘गल्लीतले सातवे घर’ एवढेच लक्षात ठेवून पत्र टाकत असावा आणि एका रात्रीत गल्लीची नव्याने आखणी व्हावी, तसे झाले. शेकडो मॉड एकदम निकामी झाले. यावर उतारा म्हणून ‘ॲड्रेस लायब्ररी’ उपयोगी पडली. ती प्रत्येक आवृत्तीतल्या जागांची यादी ठेवते आणि मॉडला क्रमांकावरून खरी जागा सांगते. डिसेंबर २०२३मध्ये ‘क्रिएशन्स’ या बेथेस्डाच्या मॉड-बाजाराच्या अपडेटने पुन्हा तोच गोंधळ उडाला, पण या वेळी सावरणे सोपे गेले.

बेथेस्डाच्याच ‘फॉलआउट ४’वर बेतलेल्या ‘फॉलआउट लंडन’ या प्रचंड मॉडलाही अशाच अपडेटचा मोठा फटका बसला. अनेक वर्षांच्या मेहनतीनंतर तो २३ एप्रिल २०२४ला यायचा होता. त्याच आठवड्यात, २५ एप्रिलला, मूळ गेमचे मोठे अपडेट येणार असल्याचे जाहीर झाले. मॉड पुढे ढकलावा लागला आणि तो २५ जुलैला, गेम जुन्या आवृत्तीवर परत नेण्याच्या सोयीसह, लोकांपर्यंत पोहोचला. म्हणूनच मॉड लावून खेळणारे स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या ॲपमध्ये ‘गेम सुरू करतानाच अपडेट करा’ ही सेटिंग निवडतात आणि गेम स्टीममधून नव्हे, एसकेएसईमधून सुरू करतात.

सेव्ह फाइलचा विषय नाजूक आहे. ‘स्कायरिम’मधली स्क्रिप्टची भाषा ‘पॅपिरस’. मॉडची एखादी स्क्रिप्ट चालू असताना खेळ सेव्ह केला, की ती स्क्रिप्ट, तिचे आकडे, ती कुठवर आली आहे, हे सगळे सेव्हमध्ये जाते. नंतर तो मॉड काढून टाकला तरी सेव्हमधली त्याची मुळे तशीच राहतात. गेम लगेच कोसळेल असे नाही. दोन आठवडे सुरळीत चालतो आणि मग एखादी मोहीम पुढे सरकत नाही, एखादा प्रसंग अडकतो, लोडिंग लांबत जाते. ‘रीसेव्हर’ नावाच्या साधनाने सेव्ह उघडून अनाथ स्क्रिप्ट काढता येतात, पण तो शेवटचा उपाय. टेक्स्चर किंवा ध्वनी बदलणारा साधा मॉड मध्येच काढला तर चालते. स्क्रिप्ट असलेला मॉड चालू खेळातून काढू नये. काढायचाच असेल तर तो टाकण्यापूर्वीच्या सेव्हवर परत जावे, किंवा नवा खेळ सुरू करावा. हे ऐकायला कठोर वाटते, पण पुढे शंभराव्या तासाला सगळाच खेळ गमावण्यापेक्षा ते बरे. पॅपिरसचा स्वतःचा लॉग असतो, तो मात्र क्रॅश शोधायला वापरू नये. त्यातली भयंकर वाटणारी तक्रार बहुधा निरुपद्रवी असते आणि तिच्यामागे लागून चांगले मॉड उगाच काढले जातात.

लॉगमधून काहीच हाती लागले नाही, तर जुनी आणि खात्रीची रीत उरते: अर्धे मॉड बंद करणे. चारशे मॉडपैकी दोनशे बंद केले आणि क्रॅश थांबला, तर दोषी बंद केलेल्या दोनशेंत. त्यांतले शंभर पुन्हा सुरू करायचे. अशा प्रकारे चारशेंतून एक शोधायला जास्तीत जास्त नऊ फेऱ्या लागतात, कारण दोनाचा नववा घात ५१२ होतो. एकेक मॉड काढत बसलेला माणूस आठवडाभर तिथेच असेल. पथ्ये दोन. ज्या मॉडवर दुसरे मॉड अवलंबून आहेत, त्यांची जोडी तोडायची नाही. आणि ही तपासणी आपल्या लाडक्या सेव्हवर करायची नाही. मुख्य मेनूवरच कन्सोल उघडून ‘सीओसी’ आणि पुढे जागेचे नाव लिहिले, की गेम थेट त्या ठिकाणी नेऊन सोडतो. कोसळणारी जागा माहीत असेल तर प्रत्येक फेरी मिनिटभरात आटोपते. ‘मॉड ऑर्गनायझर’ वापरणाऱ्यांना हे आणखी सोपे, कारण ते साधन मॉडच्या फाइली गेमच्या खऱ्या फोल्डरमध्ये टाकतच नाही. गेमला फक्त तसा भास होतो, त्यामुळे मॉड काढला की मागे कचरा राहत नाही.

आणि दोष मॉडमध्ये नसेलच तर? २०२३-२४मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरवर कित्येक नवे गेम कोसळू लागले. अनरियल इंजिनवरचे गेम तर ‘व्हिडिओ मेमरी संपली’ अशी चुकीची सूचना दाखवत आणि लोक बिचारे ग्राफिक्स कार्ड बदलत. जुलै २०२४मध्ये इंटेलने कबूल केले, की प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जात होते. ऑगस्टमध्ये मायक्रोकोडची दुरुस्ती आली, वॉरंटीही आणखी दोन वर्षांची वाढवून दिली गेली. तोवर ज्या प्रोसेसरची झीज झाली होती, ते मात्र दुरुस्तीने बरे होणारे नव्हते. त्यामुळे लॉगमध्ये रोज नवे कारण दिसत असेल आणि दुसरे गेमही कोसळत असतील, तर मॉडची यादी बाजूला ठेवावी. बायॉस अद्ययावत करावे, रॅमचा वाढीव वेग म्हणजे एक्सएमपी बंद करून पाहावे आणि रात्रभर ‘मेमटेस्ट८६’ चालवावे.

हे सारे ज्यांना नको असते त्यांच्यासाठी अलीकडे ‘वबाजॅक’ हा मार्ग खुला झाला आहे. जाणकार माणूस हजाराहून अधिक मॉड जुळवून, पॅच लिहून, तपासून एक यादी तयार करतो. साधन त्या यादीनुसार प्रत्येक मॉड त्याच्या मूळ ठिकाणाहून उतरवते आणि हुबेहूब तीच जुळणी दुसऱ्याच्या संगणकावर उभी करते. मात्र यादीत स्वतःचा एक जरी मॉड घातला, तरी बहुतेक यादीकर्ते मदत करत नाहीत. त्यात उर्मटपणा काही नाही. त्यांनी तपासलेली गोष्ट आता ती राहिलेली नसते.

मदत मागणाऱ्याने काय घेऊन जावे, यावर सगळे जाणकार एकमताने बोलतात. क्रॅश लॉग पूर्ण द्यावा, फक्त वरच्या चार ओळींचा फोटो नव्हे. गेमची आवृत्ती सांगावी. क्रॅश त्याच जागी पुन्हा पुन्हा होतो की कुठेही होतो, ते सांगावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, शेवटचे चालत होते त्यानंतर काय काय बदलले, ते आठवून लिहावे. एवढे हाती असले की उत्तर अनेकदा एका ओळीत येते: अमक्या मॉडची जुनी डीएलएल आहे, नवी टाका.